सरांच्या डोक्यावरच्या जांभळ्या रेघा

सोमवार, १९ जुलै १९९३. पालमचा एसटी स्टँड, सकाळची परभणी गाडी.

हजर: आमच्या शाळेचे गणिताचे सर. त्यांच्या पत्नी, ज्यांना मी काकू म्हणते. सरांची आई, ऐंशीच्या पुढची, फक्त निरोपापुरती. मुख्याध्यापक, तेही निरोपापुरते आणि लक्ष घड्याळाकडे. आणि मी, शाळेची लिपिक व सरांची जुनी विद्यार्थिनी. मी औरंगाबादपर्यंत सोबत जाणार होते, कारण सरांना मूलबाळ नव्हतं आणि हॉस्पिटलच्या खिडक्यांवर भांडायचं काम काकूंच्या स्वभावात बसत नव्हतं. माझ्या बसतं.

गाडी सुटताना मुख्याध्यापक म्हणाले, "काळजी करू नका सर, साधारण महिनाभरात ठणठणीत होऊन याल."

सर खिडकीतून म्हणाले, "साधारण म्हंजे किती?"

गाडी हलली म्हणून मुख्याध्यापक वाचले.

'साधारण', 'जवळपास', 'अंदाजे' हे शब्द सरांसमोर काढायची सोय नव्हती. बाजारात भाजीवाली म्हणाली, "घ्या गुरुजी, किलोभर हायेत," की सर विचारत, "किलो का किलोभर?" म्हातारी वैतागून दोन वांगी जास्त टाकायची. सर ती दोन वांगी काढून परत ठेवायचे आणि वरून तिलाच रागवायचे. सायकलचंही तसंच. चढ आला की सीटवर बसून दम लागेपर्यंत पायडल मारायचे आणि उतार आला की खाली उतरून सायकल हातात धरून चालायचे. गावातली सगळी पोरं हसायची. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "उताराला ती आपली आपण जायलीय. मी वर बसून काय करू?"

वही तपासायची त्यांची पद्धत मात्र कुणी हसण्यावारी नेली नाही. दुसरे शिक्षक चुकलेल्या गणितावर लाल काट मारायचे, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. सर कधीच नाही. ते पहिल्या पायरीपासून वाचत यायचे आणि जिथं पाऊल घसरलं तेवढ्याच आकड्याभोवती लाल पेनानं वाटाणा मावेल एवढं गोल करायचे. बाकीचं गणित जसंच्या तसं. "वरच्या चार पायऱ्या बरोबर हायेत न्हवं? मग त्येंच्यावर कशाला काट?" त्या एका गोलासाठी ते तासच्या तास घालवायचे. आमच्या वर्गातल्या चाळीस मुलांच्या वह्या ते दप्तरासारख्या पाठीवर बांधून घरी न्यायचे. लाल पेन कुणाला उसना द्यायचे नाहीत.

आता हाताचं सांगते.

दोन वर्षांपूर्वी सरांचं एक मूत्रपिंड काढलं होतं, गाठ होती म्हणून. ते निभावलं. मग जून महिन्यात नववीच्या तासाला त्यांच्या हातातून खडू पडला. उचलला, परत पडला. तिसऱ्यांदा पडल्यावर ते वर्गाला म्हणाले, "खडूला आज सुट्टी पाहिजे," आणि राहिलेला तास तोंडी शिकवला. पंधरा दिवसांत शर्टाचं बटण लावणं गेलं, सही गेली. औरंगाबादला डोक्याचा स्कॅन काढला. जुन्या आजाराचा एक ठिपका मेंदूत जाऊन बसला होता, डाव्या बाजूला, उजवा हात जिथून हलतो त्याच जागी. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन केलं तर हात जाण्याचीच भीती जास्त. किरणांची ट्रीटमेंट देऊन बघू. आयुष्य किती ते सांगता येत नाही.

सर म्हणाले, "आयुष्याचं मी विचारतच न्हाई. हाताचं सांगा. मला एक सही करायची हाय."

कोणती सही, ते डॉक्टरांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं, कारण त्या सहीपायी मी सात वर्षं बेजार झाले होते.

शाळेचं माहितीपत्रक दरवर्षी वर पाठवायचं असतं. प्रत्येक शिक्षकाचं नाव, शिक्षण, वर्ष, विद्यापीठ. सर बी.एड. शिकले १९७९ साली. त्याच्या आदल्या वर्षी विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला होता आणि आमच्या मुलखात जे पेटायचं ते पेटलं होतं. सरांच्या घराची मागची भिंत तेव्हाची काळी आहे. दरवर्षी ते घराला चुना द्यायचे, तेवढी भिंत सोडून. आमच्या घरातली मोठी माणसं तेव्हा नामांतराच्या विरुद्ध होती, हेही लिहून ठेवते. दिलेली माहिती आधी मांडायची, मग गणित सोडवायचं, हे सरांनीच शिकवलं.

तर बी.एड. झालं, पण सरांनी पदवीचं प्रमाणपत्र उचललं नाही. नवीन नावाचं निघेल तेव्हा घेईन, म्हणाले. गुणपत्रिकेवर नोकरी चालली. मुख्याध्यापकाची जागा दोनदा निघाली. तिला मूळ प्रमाणपत्र लागायचं. दोन्ही वेळा सरांहून नंतर लागलेला माणूस खुर्चीत बसला. आणि माहितीपत्रकात 'विद्यापीठ' या रकान्यात सर पट्टी ठेवून एक सरळ रिकामी रेघ ओढायचे, तिच्याखाली बारीक अक्षरात लिहायचे: 'नाव यायचं आहे.' मग सही.

कागद परत यायचा. रकाना अपूर्ण. मी नव्यानं भरायला द्यायचे. परत तीच रेघ.

"सर, एवढं एक नाव लिहा हो. दर वर्षी कागद वापस येतो."

"येऊ दे की. रस्ता पाठ झालाय त्येला."

"मला बोलणी बसतात."

"तुला बसत्यात, मला न्हाई बसत. तू रकान्यात लिही ना तुझ्या हातानं."

"खोटी सही करू?"

"मग मीबी तेच म्हनायलोय."

शेवटी मीच वरच्या साहेबांना कळवून टाकलं की हा रकाना असाच येणार, रेघ शाळेच्या जबाबदारीवर समजावी.

औरंगाबादच्या डॉक्टरांनी ट्रीटमेंट समजावून सांगितली तो संवाद मला पाठ आहे. आधी सगळ्या डोक्याला दहा वेळा किरण द्यायचे, कारण न दिसणाऱ्या पेशी कुठं असतील सांगता येत नाही. मग फक्त त्या ठिपक्याच्या जागी आणखी काही वेळा, जरा जोर लावून. कोबाल्टचं मशीन होतं. ठिपक्याच्या वेळी आजूबाजूच्या भागावर किरण पडू नयेत म्हणून शिशाचे ठोकळे लावणार होते.

सर म्हणाले, "म्हंजे आधी सगळ्या वर्गाला शिक्षा, मग एका पोराला वेगळी."

डॉक्टर हसले. "तसंच समजा."

"हे मला पटत न्हाई. त्यो एकच पोरगा धरा की थेट."

"तसं अचूक मशीन परदेशात आहे म्हणतात. आपल्याकडे जे आहे त्यात जेवढं नेमकं करता येईल तेवढं करू."

सरांनी विचार केला. "ठीक हाय. वर्ग तुमचा हाय," म्हणाले आणि संमतीच्या कागदावर डाव्या हाताचा अंगठा उठवला. बी.एड. झालेला माणूस, डाव्या हाताचा अंगठा. काकू तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत राहिल्या.

डोक्याचे केस काढावे लागतात. हॉस्पिटलच्या फाटकाशी न्हावी बसायचा, त्यानं पाच मिनिटांत काम उरकलं. सरांचे केस दाट, काळेभोर, वयाला न शोभणारे. वडील वारले तेव्हा सरांनी मुंडन केलं नव्हतं. आम्ही ते रिवाज सोडले, म्हणाले. त्यावरून त्यांची आई कित्येक वर्षं त्यांच्याशी नीट बोलली नव्हती. धर्म बदलला ते तिला मान्य होतं, बुद्धाला हात जोडून झोपायची. पण नवऱ्याच्या मातीला पोरगा केसासकट उभा राहिला हे काही तिच्या गळी उतरलं नव्हतं.

हॉस्पिटलजवळ आम्ही एक खोली भाड्यानं घेतली होती. घरमालक एक वयस्क चाचा. दुसऱ्या दिवशी त्यांनी सरांचा गोटा बघितला आणि दारातच हळहळले, "अरे मास्टर, कौन गुजर गया?"

सर म्हणाले, "अभी तो कोई नहीं चाचा. मशीन काम कर रही है."

चाचा आत जाऊन बराच वेळ हसले असावेत, कारण संध्याकाळी त्यांनी खिमा पाठवला आणि त्या दिवसापासून भाड्याचा विषयच काढला नाही. तो मला काढावा लागला.

दहा वेळचं ते मोठं काम बिनतक्रार पार पडलं. सरांचं डोकं बसेल असा प्लास्टरचा साचा केला होता. त्यात डोकं ठेवायचं, हलायचं नाही. सगळे बाहेर जायचे, जाडजूड दार बंद व्हायचं. सर बाहेर आले की मी विचारायचे, "आज काय केलंत आत?" ते सांगायचे, "वर्गमूळ काढलं." कधी "आज काढता न्हाई आलं, डोळा लागला." गोळ्यांनी तोंड सुजलं होतं, भूक भयंकर वाढली होती. काकू भाकरी थापायच्या आणि सर मोजायचे नाहीत, हे पहिल्यांदाच.

शुक्रवारी नव्या रेघा काढल्या. ही आता नेमकी जागा. हे काम तिथला फिजिसिस्ट करायचा, म्हणजे किरण कुठं, किती, कोणत्या बाजूनं पाडायचे याचं माप काढणारा माणूस. पंचविशीतला, बारीक, दक्षिणेकडचा, मराठी येत नव्हतं. त्यानं स्कॅनवर पेन्सिलीनं एक छोटं गोल केलं होतं. सरांनी ते बघितलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बघ. काट न्हाई मारली." मग त्या मुलानं फिल्म काढून, पट्टी लावून, दोनदा तपासून, सरांच्या डोक्याच्या डाव्या बाजूला जांभळ्या औषधाच्या रेघा ओढल्या. चौकोन आणि मध्ये फुली. "सोमवार से यहीं देंगे. पानी नहीं लगाना. तेल नहीं, साबुन नहीं. ये गया तो सब गया."

मी वहीत लिहून घेतलं: पाणी नाही, तेल नाही, साबण नाही. खाली दोन रेघा मारल्या.

त्याच संध्याकाळी सरांनी मला कंपासपेटी काढायला लावली. त्यांच्या कानापासून, भुवईपासून त्या रेघांचं अंतर मी मोजायचं आणि कागदावर त्याची आकृती काढायची. "तुम्हाला कशाला पाहिजे?" "माझ्या डोक्यावर हाय आन् मलाच दिसत न्हाई, हे बरोबर हाय का?" मी मोजलं, काढलं. सर दर थोड्या वेळानं आकृतीकडे बघायला मान वळवायचे, मी परत मोजायचे.

शनिवारी शाळेच्या कामासाठी मी पालमला गेले आणि रविवारी येताना सरांच्या आईला घेऊन आले. ती मागंच लागली होती. "मला लेकरू बघू दे. तुमी मला खरं सांगंना झालेत." येताना तिनं पदरात बांधून गोड्या तेलाची बाटली आणली होती, हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी मी काय अर्थ लावला असता?

तिला खोलीत सोडून मी आणि काकू भाजी आणायला गेलो. परत आलो तर मोरीपाशी पाटावर सर बसलेले, उघडे, डोळे मिटून. म्हातारी त्यांच्या डोक्यावर गरम पाणी ओतत होती. तेल लावून, साबणानं चोळून झालं होतं. ती स्वतःशीच बोलत होती, "कुनी रेघोट्या वढल्या गं माझ्या लेकराच्या डोक्यावर? कुन्या मुडद्यानं वढल्या?" आणि सरांना, "बापाला न्हाई काढलेस क्यास. आता कुनासाठी काढलेस रं?"

सर म्हणाले, "हातासाठी, माय."

डोकं लख्ख. एक रेघ शिल्लक नव्हती.

मी किंचाळलेच. सरांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघून मान हलवली: गप्प. म्हातारीनं पदरानं त्यांचं डोकं पुसलं, नाकाशी धरलं, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा तिचा चेहरा निवळला. त्या रात्री ती पोटभर जेवली. तिला शेवटपर्यंत कुणी काही सांगितलं नाही.

ती झोपल्यावर मी बाहेर सरांना धरलं. "तुम्हाला सांगता नाही आलं? 'माय, पाणी लावू नको' एवढं? सगळ्या गावाला किलो न् किलोभर शिकवता!"

सरांनी डोक्यावरून डावा हात फिरवला. मग म्हणाले, "बाप मेला तवा ती माझ्या डोक्याला हात लावायला आली होती. मी सरकलो होतो. आज सरकलो न्हाई."

सोमवारी हॉस्पिटलात. त्या मुलानं सरांचं डोकं बघितलं आणि खुर्चीवर बसूनच राहिला. "किसने धोया?"

"मेरी माँ ने," सर म्हणाले.

बाहेर व्हरांड्यात माणसं भरली होती, जालन्याची, बीडची, आमच्या भागातली. एकाला जास्त वेळ म्हणजे दुसऱ्याचा नंबर मागे. मोठे डॉक्टर आले, त्यांनी सरळ सांगितलं, "दहा झालेत. बऱ्याच जणांना आम्ही दहावरच थांबवतो. आता जागा चुकवून देण्यापेक्षा थांबलेलं बरं."

सरांनी डाव्या हातानं खिशातून माझी आकृती काढली. "जागा हाय माझ्याकडं. मोजून ठेवलीय. ह्येच्यावरून वढा."

मला वाटलं, सुटलो. छाती फुगली, खोटं कशाला बोलू. त्या मुलानं कागद घेतला, उजेडात धरला, नीट बघितला. "अच्छा बनाया है, सर. लेकिन मैं अपने नाप पर जाऊँगा." आणि मोठ्या डॉक्टरांकडे वळून म्हणाला, "दोपहर की छुट्टी में कर लूँगा. किसी का नंबर नहीं जाएगा."

त्यानं डबा उघडला नाही. जेवणाच्या सुट्टीत परत फिल्म काढली, परत साचा, परत पट्टी. एकदा स्वतःच काढलेली फुली त्यानं पुसली आणि पुन्हा काढली, कारण ती त्याला पटली नाही. सर त्या साच्यात दगडासारखे पडून होते. शेवटी रेघा झाल्या. मग त्यानं माझी आकृती घेऊन डोक्याजवळ धरली. अर्ध्या बोटाचा फरक होता. माझ्या मापानं किरण दिले असते तर निम्मा ठिपका बाजूला राहिला असता.

मला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. सर मात्र साच्यातून उठले ते खूष. खूष म्हणजे हसायलाच लागले. "लाल पेन दे," म्हणाले. त्यांचं लाल पेन माझ्याच पर्समध्ये होतं. खोलीत राहील म्हणून मी घेतलं होतं. डाव्या हातानं, वेडंवाकडं, त्यांनी माझ्या आकृतीत कानापाशी एक वाटाण्याएवढं गोल केलं. "इथं. इथं मान वळली होती माझी. बाकी बरोबर हाय तुझं." मग त्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बेटा, तू मेरी नहीं मानी. बहुत अच्छा किया." आणि व्हरांड्यात येऊन काकूंना म्हणाले, "असला एक पोरगा आपल्या शाळंत पाहिजे होता. चौदा वर्षं गेली, एकबी असा निघाला न्हाई."

मी तिथंच उभी होते.

राहिलेली ट्रीटमेंट पूर्ण झाली. पुढं सगळं हळूहळू झालं. पोळ्याला सरांनी उजव्या हातानं ताटातली पोळी मोडली. दसऱ्याच्या सुमारास शर्टाचं वरचं बटण लावलं, चुकीच्या काजात, पण लावलं. दिवाळीनंतर शाळेत आले. वर्गात फळ्यावर वर्तुळ काढलं, ते अंड्यासारखं आलं. पोरं हसली नाहीत. सर म्हणाले, "हसा की. वर्तुळ हाय का हे?" मग पोरं हसली.

गावात लोक भेटायला यायचे. कुणीतरी म्हणायचं, "देवाची कृपा सर." सर म्हणायचे, "देवाचं मला ठाव न्हाई. एक पोरगं जेवलं न्हाई त्या दिवशी."

१४ जानेवारी १९९४ ला नामांतर झालं. संक्रांत होती. सरांच्या वस्तीत हलगी वाजत होती. आमच्या आळीत दारं लवकर लागली. मी तिळगूळ घेऊन सरांकडे गेले, उजेडात, सरळ रस्त्यानं. आमच्या घरी त्यावरून बोलणं झालं. ते माझं मी बघितलं. सर अंगणात खुर्चीवर बसले होते. माणसं येत होती, गळ्यात पडत होती, एक म्हातारा तर त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडला. सर सगळ्यांचं ऐकून घेत होते. मी दिसले तशी म्हणाले, "ए कारकून, कागद आणलास का?"

आणला होता. कोरं माहितीपत्रक, ओढणीखाली, घडी न घालता.

काकूंनी पाट आडवा मांडीवर दिला. हलगीवाल्यांना कुणीतरी थांबवलं. सरांनी पट्टी मागितली, मग परत केली. रेघ ओढायची नव्हती. त्यांनी उजव्या हातात पेन धरलं, डाव्या हातानं मनगट दाबून धरलं आणि रकान्यात विद्यापीठाचं नवीन नाव लिहायला घेतलं. पूर्ण नाव, संक्षेप नाही. अक्षरं मोठी झाली, रकान्याबाहेर गेली, शेवटचे दोन शब्द खालच्या माणसाच्या ओळीत उतरले. मध्येच हात थांबला. काकू पुढं झाल्या. "सरक," सर म्हणाले. परत सुरू केलं. खाली सही. सही बरीचशी जुन्यासारखी आली, पहिल्या अक्षराच्या शेपटासकट.

मग म्हातारी माय म्हणाली, "झालं का रं?" सर म्हणाले, "झालं." आणि हलगी अशी वाजली की मला बोललेलं ऐकू येईना.

तो कागद मी जसाच्या तसा पुढं पाठवला, खालच्या ओळीत उतरलेल्या शब्दांसह. त्या वर्षी तो परत आला नाही. माझ्या नोकरीत मी हजारो कागद पाठवले असतील. अभिमानानं सांगावा असा तो एक आहे.

मार्चमध्ये सर, काकू आणि मी औरंगाबादला गेलो, प्रमाणपत्र घ्यायला. सर थकले होते, पाय ओढत होते. पण दुसऱ्या कुणाकडून मागवायचं नाही म्हणाले. खिडकीवरच्या माणसानं वर्ष बघून मान वर केली. "एकोणऐंशी? इतके दिवस कुठं होतात गुरुजी?"

"वाट बघत होतो," सर म्हणाले आणि पोच म्हणून सही केली.

कागद हातात आला. सरांनी तो पहिल्या शब्दापासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत वाचला, तपासायच्या वहीसारखा. लाल पेन काढलं नाही. मग म्हणाले, "चला हॉस्पिटलात."

"आज तपासणीची तारीख नाही, सर."

"तपासायला न्हाई. दाखवायला."

त्या पोराला दाखवायचं होतं. आम्ही रिक्षानं गेलो. मशीनच्या खोलीबाहेरच्या बाकावर सर टोपी सारखी करून बसले. आतला तंत्रज्ञ बाहेर आला, ओळखलं त्यानं. म्हणाला, "ते साहेब गेले की. मागच्या महिन्यात नोकरी सोडली. चांगली ऑर्डर आली होती त्यांना." कुठं? एक जण इंदूर म्हणाला, दुसरा नागपूर. पत्ता कुणाकडेच नव्हता.

सर बाकावरून उठले. मग फाटकाबाहेरच्या दुकानातून त्यांनी प्रमाणपत्राची झेरॉक्स काढून घेतली. दुकानाच्या काउंटरवर टेकून, उजव्या हातानं, मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: 'आपका नाप सही निकला.' खाली सही. माझ्या हातात दिली. "पत्ता काढ आन् पाठव."

"काढते, सर."

मे महिन्यात सर गेले. हात शेवटपर्यंत चालला. जायच्या आठवड्यातही त्यांनी दहावीच्या एका मुलाच्या वहीत गोल केलं होतं.

मी हॉस्पिटलला दोनदा लिहिलं. इंदूरला एका ओळखीच्या माणसाला चौकशीला पाठवलं. नागपूरला त्याच आडनावाचा एक माणूस निघाला, तो दातांचा डॉक्टर. मग नोकरी, मुलं, बदल्या. दर जानेवारीला मी राहिलेली कामं नव्या वहीत उतरवते आणि हे सगळ्यात वर येतं. झेरॉक्सची बाजू आता फिकी झाली आहे, नाव मुश्किलीनं वाचता येतं. मागचं पेनाचं अक्षर ठळक आहे.

गेल्या आठवड्यात माझ्या भाच्यानं शोधून सांगितलं की रायपूरच्या एका हॉस्पिटलात त्या नावाचे एक फिजिसिस्ट आहेत, निवृत्तीला आलेले. नंबर दिलाय. तीनदा लावला, कुणी उचलला नाही. सोमवारी परत लावायचा आहे.